मशीन नंबर चारची परवानगी

"सर, बटण दाबलं जातंय, पण पुढे काहीच होत नाही."

फोनवर सुनंदा होती. मी नांदगावला भाचीच्या लग्नात. एका हातात अक्षता, दुसऱ्यात मोबाईल, आणि मागे बँडवाला थांबायला तयार नाही.

ही २००७-०८च्या सुमाराची गोष्ट. नाशिकच्या एका द्राक्ष निर्यात करणाऱ्या कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळायचो. सुनंदा तिथे ऑफिस असिस्टंट. मखमलाबादच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. कॉम्प्युटरवर बसणारी त्या घरातली ती पहिलीच. मशीन नंबर चार तिचं.

आधी थोडं कामाचं सांगतो. वेबसाइटच्या पानाबरोबर छोटे प्रोग्राम येतात आणि आपल्या मशीनवर चालतात. त्यांना स्क्रिप्ट म्हणतात. बहुतेक कामाच्या असतात, एखादी व्हायरस घेऊन येते. म्हणून मी सगळ्या ब्राउझरमध्ये एक एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकलं होतं. ते सगळ्या स्क्रिप्ट अडवायचं. मग आपण साइट बघून एकेकीला परवानगी द्यायची. ब्राउझर बंद होईपर्यंतची तात्पुरती, किंवा कायमची. तिसरा पर्याय होता तो सरसकट सगळ्यांना, आणि त्याच्यापुढे कंसात 'धोकादायक' असं इंग्रजीत लिहिलेलं असायचं.

परवानगीची नोंद मी एका वहीत ठेवायचो. साइट, कारण, माझी सही. सहीशिवाय परवानगी नाही, हा माझाच नियम. वही माझ्या ड्रॉवरमध्ये असायची. त्या दिवशी ड्रॉवरची किल्ली माझ्याबरोबर नांदगावला होती.

सुनंदाला मालाच्या प्रमाणपत्राचा फॉर्म भरायचा होता. कंटेनर भरून उभा होता.

"साइटला परवानगी दिलीस ना?" मी विचारलं.

"दिली सर. तरी सबमिट होत नाही."

कारण मला लगेच कळलं. एका पानावरच्या स्क्रिप्ट कधी कधी इंटरनेटवरच्या दोन-तीन वेगवेगळ्या पत्त्यांवरून येतात. बटणाची स्क्रिप्ट दुसऱ्या पत्त्यावरून येत असणार. यादी उघडून तो पत्ता शोधायचा आणि त्याला परवानगी द्यायची. समजावायला पाच मिनिटं लागली असती. मंगलाष्टकं सुरू झाली होती.

"सगळ्यांना अलाऊ कर," मी म्हणालो.

"सर, त्याच्यापुढे डेंजरस लिहिलंय."

"मी सांगतोय ना! कर."

फॉर्म गेला. कंटेनर गेला. परत आल्यावर ती सरसकट परवानगी काढून टाकायची, हे मी विसरलो. वहीत नोंदही केली नाही.

दोन आठवड्यांनी कोणीतरी मशीन नंबर चारवर रांगोळीची डिझाइन्स बघितली. त्या साइटवरून व्हायरस आला आणि नेटवर्कमधून सगळीकडे पसरला. ऐन हंगामात तीन दिवस आम्ही पेट्यांची लेबलं हातानं लिहिली.

आमचे मालक आबा. त्यांनी वही मागवून घेतली आणि आम्हा दोघांना समोर उभं केलं.

"बाई, मशीन तुझं. हितं नोंद नाय. परवानगी दिली कोणी?"

"सरांनी फोनवर सांगितलं होतं, आबा."

आबांनी माझ्याकडे बघितलं. "जाधव?"

"मी त्या एका साइटपुरतं सांगितलं होतं," मी म्हणालो.

एवढंच. सुनंदानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून ती पॅकिंगच्या टेबलावर कात्री घेऊन घडातले खराब मणी काढत होती. "कॉम्प्युटरची लय हौस होती ना," असं बरोबरच्या बायका म्हणायच्या. मी तिथून जाताना हळू चालायचो, पण थांबायचो नाही.

आठवड्याभरानं जेवणाच्या सुट्टीत तीच माझ्या टेबलाशी आली. मला वाटलं, आता भांडणार.

"सर, त्या दिवशी नेमकं काय करायला हवं होतं, ते दाखवा."

मी दाखवलं. अडवलेल्या पत्त्यांची यादी कशी वाचायची, कोणता पत्ता कामाचा, कोणता नुसत्या जाहिरातीचा, तात्पुरती परवानगी कधी पुरते. ती रोज यायची. हात द्राक्षांनी चिकट असायचे. माऊस धरण्याआधी ती ते धुऊन यायची. पुढच्या हंगामात तिच्या जागी आलेल्या माणसाला फॉर्म जमेना, तेव्हा आबांनी स्वतःच तिला परत मशीनवर बसवलं. तिनं पहिलं काम काय केलं? वहीत पट्टीनं एक रकाना वाढवला. 'कोणाच्या सांगण्यावरून.' जुन्या पानांवरसुद्धा.

मी निवृत्त होईपर्यंत त्या रकान्यात माझं नाव अनेकदा लिहिलं. त्या एका दिवसाचं मात्र कधीच नाही.

गेल्या महिन्यात मी तिथे गेलो. सुनंदा आता अख्खं ऑफिस सांभाळते. आबा थकलेत, पण सकाळी येऊन बसतात. दोघांसमोर मी सांगून टाकलं. सगळ्यांना अलाऊ कर, असंच मी म्हणालो होतो. तिनं मला सावधही केलं होतं. आबांसमोर मी खोटं बोललो.

आबा कप खाली ठेवून म्हणाले, "मला तवाच ठावं होतं. ही बाई इचारल्याबिगर बटण दाबणारी नव्हती."

"मग तिला का काढलं?"

"तुला काढलं असतं तर मशिनी चालू कोणी केल्या असत्या?"

सुनंदा हसली नाही. "म्हणजे दोघांनाही माहीत होतं," ती म्हणाली. आबा खिडकीबाहेर बघू लागले. ती उठली, कपाटातून जुनी वही काढली आणि ते पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. त्या आठवड्याच्या शेवटच्या नोंदीखाली, रकाना वाढवतानाच, तिनं पट्टीनं एक कोरी ओळ आखून ठेवली होती. रकानाही कोराच होता.

मी पेन उघडलं. साइट: सर्व. कारण: घाई. कोणाच्या सांगण्यावरून: जाधव. सही करून मी तारीख आठवू लागलो.

"तारीख आजची टाका, सर," ती म्हणाली. "मागची नको. आणि बसा, चहा सांगितलाय. जायच्या आधी एक नवीन साइट बघून द्या, मला तिच्या दोन पत्त्यांची शंका आहे."

सरसकट परवानगी देऊ नये, हे एक्स्टेंशनवर लिहिलेलं होतंच. दिलीच, तर त्याच दिवशी आपलं नाव लिहावं. नंतर लिहिता येतं, पण मला त्यासाठी निवृत्त व्हावं लागलं.