साहेबांचा हार मागं मागं का गेला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगत असताना खिदळलात तर मी उठून जाईन. आणि चहाही थंड होईल.

माझी शाळा तिसरीत सुटली. पण मशीन चालवावं तर मीच! सचिन गावच्या अख्ख्या इंडस्ट्रियल एस्टेटीत माझा हात धरणारा कोणी नाही, असं सगळे म्हणायचे. बरं, सगळे नाही. मीच म्हणायचो.

आमच्या शेठचं काम असं की पोकलेनला खालून लोखंडी चाकं लावायची, मग ते खोदायचं मशीन रुळावरून जातं. रेल्वेच्या कामाला लागतं. आधी चाकं साखळीनं फिरायची. खडखडाट असा, की इथं मशीन सुरू केलं की पार उधना गावात माणसं दारं लावून घ्यायची! मग हेतल नावाची गुजराती इंजिनियर पोरगी आली आणि म्हणाली, साखळी काढा. चाकांना तेलाच्या दाबावर फिरणाऱ्या हायड्रोलिक मोटरी लावा. आवाज नाही, झटका नाही. पेडलवरचा पाय उचलला की ब्रेक आपोआप लागणार.

"पाय उचलून ब्रेक?" मी म्हटलं. "अगं, जन्मभर पाय दाबून ब्रेक मारला मी!"

"हवे उठावी लेवानो, काका. बस." म्हणजे आता पाय नुसता उचलायचा.

"आणि आवाज नाही म्हणजे जोर नाही. हे मशीन काय कप्पाळ ओढणार?"

ती पाना उचलून सरळ मशीनखाली शिरली. शिकलेल्या माणसांची हीच खोड.

ट्रायल बघायला रेल्वेचे साहेब यायचे होते. पास झालं तर शेठला ऑर्डर. त्या दिवशी मशीन हेतल चालवणार आणि मी म्हातारा पुढं कायमचा गेटवर राखणीला बसणार, असं शेठच्या मनात होतं. मला? गेटवर? मी सरळ ऑफिसात घुसलो.

"शेठ, साहेबांसमोर केबिनमध्ये मीच बसणार. चूक झाली तर उद्यापासून गेटवर. हू की चू करणार नाही."

"काका, नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की!"

आवारात रूळ टाकलेले होते. पुढच्या टोकाला कडुलिंबाचं झाड, मशीननं तिकडं जायचं. मागच्या टोकाला पाहुण्यांसाठी मंडप, तोही रुळावरच बांधलेला. कोणी बांधायला लावला? मीच. हेतल नको म्हणत होती. मी म्हटलं, मशीन पुढं जाणार, मागच्यांना कसली भीती?

नारळ फुटला. झेंडूचा मोठा हार खोदायच्या बकेटच्या दाताला अडकवला. आता पोकलेनचं असं असतं, की वरचं धड गरकन फिरतं आणि चाकं जागेवरच राहतात. मी केबिन मंडपाकडं फिरवली आणि बकेट खालीवर करून साहेबांना नमस्कार घातला. काय टाळ्या पडल्या! साहेब खूश. उठून रुळाजवळ आले आणि मान वाकवून उभे राहिले. आता चार हात पुढं जायचं, हार घालायचा, झालं. मी पुढं जायचं पेडल दाबलं.

हार मागं जायला लागला!

साहेब मान तशीच वाकवून दोन पावलं पुढं आले. हार आणखी मागं. लग्नात मामा लोक नवरीला उचलून धरतात ना, हार गळ्यात पडू नये म्हणून, तसं! साहेब आपले हारामागं चाललेत, आणि माझ्या कपाळावर घाम.

"तेलाचे पाइप उलटे जोडलेत!" मी केबिनमधून ओरडलो. "कोणी जोडले? या पोरीनं! पुढं दाबलं की मागं जातंय!"

"काका, पाइप बराबर छे. तमे केबिन..."

"केबिनचं नाव काढू नको! केबिनमध्ये मी बसलोय!"

"पण एक वात तो सांभळो..." ऐकून घ्या म्हणे!

"बेन, काका कहे छे तेम करो," शेठ घाईनं म्हणाले. "साहेब उभा छे."

चहा होईतो फिटरांनी पाइप अदलाबदल केले. हेतलनं आपली खुर्ची उचलली आणि मंडपाबाहेर भिंतीपाशी नेऊन ठेवली. मला वाटलं, रुसली.

नमस्कार झाला होता, म्हणून मी केबिन परत कडुलिंबाकडं फिरवली. आता खरी ट्रायल. पुढचं पेडल दाबलं आणि साहेबांचं तोंड बघावं म्हणून मान मागं वळवली.

साहेबांचं तोंड मोठं मोठं दिसायला लागलं.

म्हटलं, आश्चर्यानं फुगलं असेल. मग मंडळी उठून उभी राहिली. म्हटलं, वा, मान देतायत! शेठ दोन्ही हात हलवायला लागले. मीही एक हात हलवला. जरा झटका बसला असता तर पाठीला तरी कळलं असतं कुठं चाललोय. पण छे! मशीन लोण्यावरून सरकल्यासारखं चाललेलं.

आणि एकदम अंधार. मंडपाचं कापड केबिनवर!

"माय वं! ब्रेक!" मी सगळा जोर लावून पेडल दाबलं. जन्माची सवय. मशीन आणखी जोरात! बांबू, दोऱ्या, खुर्च्या, शेठच्या कंपनीचा बोर्ड, सगळं ओढत निघालं.

"पग उठावो, काका! पग!" हेतल ओरडली.

मी दोन्ही पाय उचलले. हातही वर केले.

मशीन जागच्या जागी थांबलं. चहाचं टेबल वीतभर लांब होतं. त्यावरचा कप हिंदकळलासुद्धा नाही.

साहेब कुठं होते? भिंतीपाशी, हेतलच्या खुर्चीवर. ते उठले, गुंडाळलेल्या मंडपाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ताकत देखनी थी, देख ली. ब्रेक भी देख लिया. मशीन पास."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. पास मशीन झालं होतं.

तेव्हा हेतलनं समजावलं. केबिन कुठंही फिरवा, मूळच्या पाइपांनी पुढचं पेडल चाकांना कडुलिंबाकडंच नेणार, अदलाबदल केली की मंडपाकडं. पहिल्यांदा मशीन बरोबरच चाललं होतं. उलटा मी बसलो होतो.

"मग आधी सांगायला काय झालं होतं?" मी खेकसलो.

"तमे बोलवा दो तो ने, काका!" बोलू दिलंत तर ना, म्हणे.

शब्द दिला होता, म्हणून दुसऱ्या दिवसापासून गेटवर. मशीनच्या खालच्या अंगाला आता मोठा पिवळा बाण रंगवलाय, पुढची बाजू दाखवायला. परवा सकाळी गेटवर आलो तर माझ्या स्टुलावरही तसाच पिवळा बाण! असा भडकलो म्हणता! कोणाचा चावटपणा आहे हा? स्टुलाला कधी पुढची-मागची बाजू असते? पाचसहा शिव्या हासडल्या आणि धप्पकन बसलो.

तेवढ्यात हेतलची स्कूटी मागून आत आली.

"काका," ती हळूच म्हणाली, "ऊंधा बेठा छो."

बाण रस्त्याकडं होता. मी उलटा, तोंड कारखान्याकडं करून बसलो होतो.