रिकाम्या घरांचे सेक्रेटरी

रिकाम्या घरांशी आमच्या विद्यार्थी मंडळाच्या सेक्रेटरींइतकं अदबीनं वागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. जिवंत माणसांशी ते तितके अदबीनं वागत नसत. वास्तुकलेच्या कॉलेजात स्वयंसेवक गोळा करायची त्यांची स्वतःची रीत होती: ते कोणाला विचारतच नसत. नोटीस बोर्डावर यादी लागे आणि आपण स्वयंसेवक झालो आहोत हे आपल्याला तिथं उभ्या उभ्या कळे. मी हट्ट्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. मुंबईत तोंड उघडायचीही मला भीती वाटे. पहिल्याच आठवड्यात यादीत माझं नाव सगळ्यांत वर होतं. घाबरत घाबरत हरकत घ्यायला गेलो तर म्हणाले, "मी कळमनुरीचा, तू हट्ट्याचा, एकाच मुलखातले. आन् तूच न्हाई म्हणून राहिला का?" मी नाही म्हणालो नाही. निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध कोणी उभंच राहत नसे, कारण उभं राहणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी गटारं मोजायच्या यादीत लागे.

जुनी वास्तू मोजायला गेलो की ते आधी चपला काढत, उंबऱ्यापाशी उभे राहत आणि आत हाक मारत, "घरात कोणी हाय का?" मग थांबत. आम्ही मागं एकमेकांना कोपरानं ढोसत असू. कधी ते मान हलवून आत शिरत, तर कधी "आत्ता नको म्हणतायत" म्हणून पुढच्या दाराकडं वळत. घर मात्र त्यांना वाचता येई. भिंतीवरचा तेलकट डाग बघून म्हातारा कुठं पाठ टेकून बसे ते सांगत, खुंट्या मोजून माणसं किती ते सांगत. एका पडक्या घरात म्हणाले, "सासूसुनेचं पटत नव्हतं." कशावरून, असं विचारलं तर त्यांनी दोन चुलींमधलं अंतर दाखवलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतल्या एका उन्हाळ्यात त्यांनी आम्हा पाच जणांची यादी लावली आणि आम्ही हिंगोलीला उतरून पुसेगावच्या पलीकडं एका गावी गेलो. तीन वर्षांपूर्वी गाठीच्या तापात, म्हणजे प्लेगात, ते गाव उठलं होतं. माणसं तेव्हापासून माळावर तुराट्यांच्या खोप्यांत राहत होती. जुन्या गावात परत जायला कोणी तयार नव्हतं, म्हणून माळावरच नवं गाव वसवायचं होतं. आधी जुनं गाव मोजायचं आणि शेजाऱ्याला शेजारी ठेवून नवं आखायचं, असा सेक्रेटरींचा बेत. निजामाच्या राज्यात चार माणसं जमली की पोलिसांचा अमीन चौकशीला येई, तसा तो आला. सेक्रेटरींनी मोजायच्या फितीचं टोक त्याच्याच हातात दिलं. दोन घरं झाल्यावर तो घाम पुसत निघून गेला.

चार-पाच घरं उभी राहिली, पण गाव खोप्यांतून हलेना. पाटलांची काकू गयाबाई आपली खोपी सोडायला तयार नव्हती. तापाच्या दिवसांत तिचा किसन सुटलेलं वासरू आणायला जुन्या घराकडं गेला होता, तो परत आला नाही. शोधलं, काही सापडलं नाही. खोपीच्या दारातून जुनं घर दिसे, म्हणून ती तिथंच बसून राही. खोपी पुढचा पावसाळा काढणार नव्हती, हे कोणालाही दिसत होतं.

पाटील म्हणाले, "काकू न्हाई तर मी न्हाई, आन् मी न्हाई तर गाव न्हाई. तुमीच समजावा बाप्पा."

गयाबाई म्हणाली, "पोरगं आलं आन् खोपी रिकामी दिसली, तर मला कुठं हुडकंल ते?"

"बराबर हाय," सेक्रेटरी म्हणाले. "मी बसतो तिथं. आलं तर सांगतो."

आमच्यातला एक जण हळूच म्हणाला, "यादी लागली नाही अजून." ते त्याच्याकडं न बघता म्हणाले, "या कामाची यादी लागत न्हाई."

ते तीन दिवस एकटे तिच्या जुन्या घरात बसले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी भाकरी घेऊन गेलो. गावात पाखरूसुद्धा नव्हतं. सेक्रेटरी ओसरीवर पाठमोरे बसले होते. त्यांच्या हातातली फीत आतल्या अंधाऱ्या खोलीत ताठ गेली होती. "जरा खाली घे," ते म्हणाले आणि फीत खाली गेली. "हां. साडेनऊ फूट." त्यांनी लिहून घेतलं. "सोड आता." फीत सैल पडली आणि शेणानं सारवलेल्या भुईवरून सरसरत त्यांच्याकडं आली. आमच्यातलं कोणी तरी आत असेल, असं मी स्वतःला समजावलं. भाकरी उंबऱ्यावर ठेवून माळावर आलो, तर चौघंही बाभळीखाली जेवत बसले होते.

तिसऱ्या दिवशी ते सरळ गयाबाईपुढं जाऊन उभे राहिले. आम्ही सगळे तिथं होतो.

"दिसलं का लेकरू?"

"दिसलं."

"कसं हाय?"

"बरं हाय. तुमी व्हा म्होरं, म्हणतंय."

ती उठली, आणि तिनं भांडी गोळा करायला घेतली. संध्याकाळपर्यंत पाटलांची बैलगाडीही भरली.

परतीच्या गाडीत सेक्रेटरी बाकावर अंग दुमडून झोपले होते. झोपेत ते फार लहान दिसत होते. मी मापांचे कागद लावत होतो. राबणाऱ्याचं नाव राहिलं पाहिजे म्हणून प्रत्येक कागदाखाली फीत कोणी धरली ते लिहायचं, असा त्यांचा नियम होता. अमिनाचंही नाव लिहिलेलं होतं. गयाबाईच्या घराच्या कागदाखाली पेन्सिलीनं 'किसन' लिहिलं होतं. आईचं मन राखायला ते म्हातारीशी तसं बोलले, असं मी तोवर धरून चाललो होतो. पण गयाबाईला वाचता येत नव्हतं. मग हे कोणासाठी लिहिलं?

तेव्हाच उठवून विचारायला हवं होतं. माझा स्वभाव तसा नाही. पुढं ते नोकरीला लांब गेले, चार पत्रं आली, मग तीही थांबली. त्या गावाचे सगळे कागद मी शाईनं पक्के केले. तेवढं एक नाव पेन्सिलीतच राहिलं आहे. ते आता पुसट होत चाललं आहे. त्यावर शाई फिरवावी की नाही, हे माझं अजून ठरत नाही.