आमच्या ट्रकची खोड

दहा चाकांच्या ट्रकात बसलं की गावातल्या मोठ्या माणसांची टक्कलं दिसतात. तुला ट्रक एवढा का आवडतो, असं कुणी विचारलं की मी हेच सांगते. विचारणारा हसतो, पण मी थट्टा करत नसते. चालत गेले तर जी माणसं माझ्याकडे ढुंकून बघत नाहीत, तीच ट्रक आला की बाजूला होतात आणि मान वर करतात. पेडगावात बाईमाणसाला एवढी वाट दुसरं कोण देतं?

ट्रक वडिलांचा. आधी ते बैलांचा व्यापार करायचे. मग ट्रक घेतला आणि ऊस, कापूस, सिमेंट, मिळेल ते भाडं मारू लागले. मी त्यांची एकुलती एक. कॉलेज करता करता त्यांच्याच शेजारी बसून शिकले, पुढे रीतसर लायसन काढलं. आईने आठ दिवस अबोला धरला. वडिलांचीही एक अट होतीच. गावातून जाताना स्टीअरिंग त्यांच्या हातात आणि मी डावीकडे. वेस ओलांडली की जागा बदलायची. ही अट मला जन्मात पटली नाही.

काही वर्षांपूर्वी येलदरीच्या धरणावर सिनेमाचं शूटिंग आलं आणि त्यांनी आमचा ट्रक भाड्याने घेतला. नट देखणा होता, पण ट्रक त्याला जुमानेना. तीनदा गाडी बंद पडली, चौथ्यांदा कठड्याला घासली. वडिलांचं पोट नटाच्या दुप्पट, म्हणून त्याच्या बदली गाडी चालवायला त्याचा लाल सदरा आणि मुंडासं माझ्या अंगावर चढलं. धरणावरून धुरळा उडवत येणारा तो ट्रक मी चालवलाय. बाही दुमडून खिडकीवर टेकलेलं कोपर माझं आहे. त्याच्यावर रेडिएटरचं झाकण उघडताना भाजल्याचा डाग आहे, ओळखणाऱ्याला तो पडद्यावरही दिसतो. परभणीच्या टॉकीजमध्ये त्या कोपरावर शिट्ट्या पडल्या. शेजारची मावशी म्हणाली, "काय रुबाब हाय गं त्याचा!" मी ओठ चावून गप्प बसले, कारण वडिलांनी शपथ घातली होती. "लगीन व्हायचंय तुजं. पुरुषाचे कपडे घालून सिनेमात ट्रक पळवला म्हणल्यावर कोण दारात उभं करंल?"

सिनेमा तुफान चालला. आणि यंदा पुण्याहून एक माणूस आला. गाजलेल्या सिनेमांतल्या गाड्यांचा लिलाव करणं हा त्याचा धंदा. हौशी लोक घरबसल्या मोबाईलवरून बोली लावतात म्हणे. त्याच आठवड्यात परभणीच्या एका घरून निरोप आला होता. मुलगी पसंत आहे, तेवढं ट्रकचं बंद करा. वडिलांना दोन्हींत देवाचा हात दिसला. गाडीच गेली की वाद मिटला! मला मात्र कुणी माझे हातपायच तोडून नेतंय असं वाटलं. मी भांडले, रडले, भरलं ताट सरकवलं. ते बधले नाहीत.

लिलावाच्या दिवशी ट्रक धुऊनपुसून खळ्यावर उभा केला. समोर कॅमेरा आणि त्या माणसाच्या हातात कागद. त्यात लिहिलं होतं, सदर ट्रक नटाने स्वतः चालवलेला आहे. हे खोटं आहे, असं मी त्याला तोंडावर सांगितलं.

"ताई, लोक ट्रक कुठे विकत घेतात?" तो हसत म्हणाला. "तो जिथे बसला ती जागा विकत घेतात."

बोली चढत गेली. मोबाईलवर येणारे आकडे तो ओरडून सांगत होता. मग त्याने वडिलांना पुढे बोलावलं. "काका, मालक म्हणून दोन शब्द बोला."

त्याला दोन गोड शब्द हवे होते. पण आमच्याकडच्या बैलबाजाराची रीत वेगळी. विकणाऱ्याने चारचौघांत जनावराची खोड सांगायची आणि मगच दावं घेणाऱ्याच्या हातात द्यायचं. मारका असेल तर मारका, औताला बसत असेल तर बसतो. वडिलांनी जन्मभर असंच विकलं होतं. त्यांनी टोपी सारखी केली आणि कॅमेऱ्याकडे बघून सुरुवात केली.

"दुसरा गेर अडकतो. डाव्या दाराला लाथ हाणल्याबिगर ते उघडत न्हाई. चढाला गाडी लय तापती, पाणी संगं ठेवा."

तो माणूस हातवारे करून त्यांना आवरू लागला. वडील थांबले, पण त्याच्यामुळे नाही. सगळ्यांत मोठी खोड सांगायची राहिली होती. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला घातलेली इतक्या वर्षांची शपथ आता त्यांनाच मोडावी लागणार होती.

"आन् ह्या कागदावरलं खोटं हाय," ते म्हणाले. "त्या नटाला गाडी जाग्यावरून हालवता येईना. धरणावर गाडी माज्या लेकीनं चालवली. ते कोपर हिचं हाय. दाखीव गं माय."

मी बाही वर केली आणि डाग कॅमेऱ्यासमोर धरला.

बोली जिथल्या तिथे थांबली. पुण्याच्या माणसाने कॅमेरा बंद केला. "काका, अजूनही वेळ आहे, गंमत केली म्हणून सांगा. नाहीतर भंगाराचा भाव येईल."

"खोड लपवून दावं देणारा माणूस न्हाई मी."

"मग विकणार कसं?"

"मंग दावं सोडायचंच न्हाई."

संध्याकाळपर्यंत माझं कोपर गावातल्या प्रत्येक मोबाईलवर फिरलं आणि परभणीचं स्थळ मोडलं. आई रडली. मोडू दे, मी म्हटलं. ज्यांना मी ट्रकातून उतरवून हवी होते, त्यांच्या दारात मला उभंच राहायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जिंतूरचं भाडं होतं. सवयीने मी डाव्या बाजूला गेले. वडील तिथे आधीच पोचले होते. त्यांनी दाराला लाथ हाणली, गुडघे धरत वर चढले आणि माझ्या जागेवर बसले.

"चल," ते म्हणाले. "भर गावातून घे."

मी उजवीकडून चढले, बाही कोपराच्या वर दुमडली आणि कोपर खिडकीवर टेकलं.