जास्वंदीच्या फोटोतले गृहस्थ

"अम्मा, तगोतीनि," असं ते कुंपणाच्या भिंतीला हात लावून म्हणत. म्हणजे, आई, घेतो हं. आवाज इतका हलका, की शेजारी उभ्या असलेल्या मलाही कान द्यावा लागे. आत झोपलेल्या माणसांना ऐकू जायचा प्रश्नच नव्हता. मग आकडी लावलेली काठी वर जाई, फांदी खाली येई आणि जास्वंदीचं फूल त्यांच्या कापडी पिशवीत पडे.

त्यांच्याविषयी लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. पण म्हैसूरच्या बोगादीत अजूनही कुणीतरी सांगतं, की तो म्हातारा लोकांची फुलं तोडून बाजारात विकायचा. हे खोटं आहे. ते कसं पसरलं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं साताऱ्याहून मुलाकडे म्हैसूरला आलो. बोगादीच्या त्या नव्या वसाहतीत सगळे रस्ते सारखे आणि बहुतेक पाट्या कन्नड. सकाळी फिरायला निघालो की परतीची वाट चुके. म्हणून मी मोबाइलवर खुणेचे फोटो काढू लागलो. इथे निळं फाटक, इथे वळायचं. इथे वाकडा खांब, इथे सरळ. हळूहळू खुणा राहिल्या बाजूला आणि धुकं, ओल्या अंगणातली रांगोळी, दूधवाल्याची सायकल असे फोटो निघू लागले. ते मी वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकी. लोक अंगठे दाखवत. कन्नड न येणाऱ्या माणसाची तेवढीच काय ती ओळख.

असाच एका फाटकाचा फोटो काढत होतो, तर मागून आवाज आला, "काय स्वामी, घरं बघून ठेवताय काय? रात्री येणार?"

मराठी ऐकून मी दचकलोच. "मी मराठी आहे हे कसं कळलं तुम्हाला?"

"आत्ता ठेच लागली तेव्हा 'आई गं' म्हणालात, अल्वा, नाही का?"

हातात आकडीची काठी, पिशवीत दुसऱ्यांची फुलं, आणि हा माणूस मला चोर म्हणत होता!

त्यांच्या कितीतरी पिढ्या म्हैसुरातच गेलेल्या. नोकरी मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात झाली. "आमचं मराठी घरातलं, स्वामी," ते म्हणत. "चप्पल घालून बाहेर नेत नाही त्याला." माझ्यासाठी मात्र त्यांनी ते बाहेर काढलं. शब्द अडला की कन्नडमध्ये शिरत आणि काम झालं की परत येत.

फुलांच्या बाबतीत त्यांचं शास्त्र पक्कं होतं. देवासाठी घेतलेलं फूल म्हणजे चोरी नव्हे. पण विचारून घ्यायचं, रस्त्यावर झुकलेल्या फांदीचंच घ्यायचं आणि घरच्यांच्या देवाला उरेल एवढं ठेवायचं.

"पण तुमचं विचारणं त्यांना ऐकू कुठे जातं?" मी एकदा म्हणालो.

"विचारायचं माझं काम. झोपायचं त्यांचं."

त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली होती. तिला पूजा करता यावी म्हणून त्यांनी देव्हारा तिच्या खाटेशी आणून ठेवला होता. घर भाड्याचं, माडीवरचं. झाड लावायला माती नव्हती. ओळखीचे लोक प्रेमाने फुलं देतात, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. "खोटं नाही ते," मला म्हणाले, "झाडं ओळखतात मला."

पुढे पुढे माझ्या बायकोच्या गणपतीलाही त्याच पिशवीतली फुलं येऊ लागली. उंच फांदी असली की ते काठीने वाकवत आणि मी धरून ठेवी. मी आणखी एखाद्या फुलाला हात घातला, की म्हणत, "साकु, पुरे. लोभ नको स्वामी."

एका सकाळी धुक्यातून कोवळं ऊन उतरत होतं. ते टाचा उंचावून उभे होते, मान मागे टाकलेली, काठी वर गेलेली आणि एक तांबडं फूल बरोबर त्यांच्या कपाळासमोर. इतका चांगला फोटो मला पुन्हा कधी साधला नाही. घरी पोहोचायच्या आत तो ग्रुपवर टाकला आणि खाली सुप्रभात लिहिलं.

आधी अंगठे आले. मग कुणीतरी लिहिलं, ही तर आमची जास्वंद. दुसऱ्याने लिहिलं, आमचा चाफा रोज रिकामा का दिसतो ते आज कळलं. मग हसणारे चेहरे, मग 'फुलचोर', आणि मग हा माणूस फुलं विकत असणार, असा शोध. शेवटी वसाहतीच्या सेक्रेटरींनी मला सगळ्यांसमोर विचारलं, हे कोण? तुमच्या ओळखीचे का?

आमच्या देव्हाऱ्यात त्याच सकाळची तगर होती. बायको समोर निरांजन लावत होती. मी लिहिलं, 'ओळख नाही. जाता जाता फोटो काढला.'

कुणीतरी त्यांचं घर दाखवलं. सेक्रेटरी तिथे गेले आणि खाटेवरच्या बाईंना मोबाइलवरचा फोटो दाखवून आले.

काही दिवसांनी ते दुधाच्या दुकानापाशी भेटले. हातात काठी नव्हती.

"फोटो छान आलाय, स्वामी. एवढा उंच दिसतो मी?" ते म्हणाले. मग जरा थांबून, "तिनं फुलं बंद केली. नुसत्या अक्षता वाहते. लोकांची हाय लागलेली फुलं देवाला नको म्हणते."

मी दुधाच्या पिशवीकडे बघत राहिलो.

"आपली ओळख नाही म्हणे?" ते हसत म्हणाले. खरोखर हसत.

मी म्हणालो, "आज गारठा फार आहे."

"हौदु, हो," ते म्हणाले. "गारठा आहे."

त्यानंतर ते दोघं सरस्वतीपुरमला तिच्या बहिणीकडे राहायला गेले. मी माफी मागायला म्हणून अनेकदा निघालो. कधी बस सोडली, कधी त्यांच्या रस्त्यापर्यंत जाऊन परतलो. मग ते वारल्याचं कळलं. सगळे विधी उरकल्यावर मात्र गेलो.

"तुम्ही ते बोगादीचे मराठी, अल्वा?" खाटेवरून त्या म्हणाल्या. "बसा हो. फार सांगायचे तुमचं. मराठी बोलायला माणूस मिळाला म्हणायचे." मी बसलो. "त्यांचा कुणी मेल्यानं फोटो काढला होता, ठाऊक ना? कोण तो, म्हणून किती विचारलं. मला तोंड दिसलं नाही म्हणायचे. शेवटपर्यंत तेच."

मी मान हलवली.

"तेव्हा रागात मी नीट बघितलासुद्धा नाही. आता वाटतं, चांगला होता तो. भिंतीवर लावायला त्यांचा एकट्याचा एक फोटो नाही घरात. तुम्ही बरोबर फिरत होता. तुमच्याकडे असेल काय एखादा?"

मोबाइल खिशात होता आणि फोटो त्यात होता. तो द्यायचा, तर कुणी काढला ते सांगावं लागणार होतं. आणि तेच सांगायला मी आलो होतो.

"नाही," मी म्हणालो.

"परवागिल्ला, असू दे," त्या म्हणाल्या, आणि बहिणीला माझ्यासाठी कॉफी करायला सांगितली. मी ती प्यायलो. दारापर्यंत गेल्यावर मागे वळलो. त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "येतो."