मालकाचा रकाना

बसस्थानकावरच्या हरवले-सापडले खिडकीत एकवीस वर्षं बसलेल्या माणसाला सगळे ‘सापडलेकाका’ म्हणत. छत्र्या, डबे, चष्मे, एकदा तर वरच्या दातांची अख्खी कवळी त्यांनी सांभाळली होती. कवळी विसरून माणूस बसमधून उतरतोच कसा, हे कोडं त्यांना अजून सुटलेलं नाही.

मग एक पत्र आलं. दीड वर्षाने खिडकीचं काम संगणकावर जाणार, आणि विद्यापीठाचा डेटाबेसचा कोर्स पास झालेलाच तिथे बसणार. बाकीच्यांनी बसगाड्या धुवायला जायचं. काकांची कंबर वाकली की सरळ व्हायला पाच मिनिटं घेई. दोनदा नापास होऊन झालं होतं. ही तिसरी परीक्षा, आणि मुदत संपायला अकरा दिवस.

कोर्सचा अर्धा भाग काकांना आवडला. डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये प्रत्येक वस्तूची आपली चिठ्ठी. छत्रीच्या चिठ्ठीत रंग लिहा, कवळीच्या चिठ्ठीत दात मोजा, कुणाची तक्रार नाही. रिलेशनल म्हणजे मात्र आखलेले तक्ते, ठरलेले रकाने. “बाबा, तक्ता तुमच्या मूडवर चालत नाही,” त्यांची मुलगी म्हणायची.

प्रात्यक्षिकासाठी त्यांनी खिडकीतल्याच एकशे बारा वस्तू भरून आणल्या होत्या. एक तक्ता वस्तूंचा, एक मालकांचा, आणि दोन्ही मालकाच्या क्रमांकाने जोडलेले.

परीक्षा घेणाऱ्या, मुलीच्या वयाच्या सरांनी विचारलं, “काका, सर्वांत जास्त वस्तू कुणी हरवल्या, दाखवा बरं.”

काकांनी बटण दाबलं. पडद्यावर काकांचंच नाव आलं. वस्तू एकशे तीन.

“काका, फारच विसराळू हो तुम्ही! कवळीपण तुमचीच?”

“नाही सर, माझे सगळे आहेत,” काकांनी घाईघाईने दात दाखवले. “रकाना रिकामा सोडायचा नाही, ही आमच्याकडची शिस्त. म्हणून मालक हवाच अशी अट घातली. पण मालक सापडलेले नऊच. मग बाकीच्यांना मीच...”

“मालक माहीत नसेल तर रकाना रिकामाच हवा. अर्धा तास आहे. दुरुस्त करा, मग सगळ्या वस्तूंची यादी दाखवा.”

काकांनी अट काढली, एकशे तीन ठिकाणचं आपलं नाव पुसलं. जिवाला जरा बरं वाटलं. मग यादी मागवली.

नऊ वस्तू आल्या. बस्स, नऊ.

काकांनी पडदा वरखाली सरकवून पाहिला. “सर, माझ्या वस्तू गेल्या!”

“परीक्षेत मला काही सांगता येत नाही, काका.”

एकवीस वर्षांत त्यांच्या हातून एक रुमाल गहाळ झाला नव्हता, आणि आज एका बटणात एकशे तीन! डोकं चालेना, पण हात चालले. काळी छत्री, दांडा वाकलेला. निळा डबा, झाकण नाही. आठवेल तशा त्यांनी वस्तू पुन्हा भरायला घेतल्या. चष्म्याच्या दोन काड्यांतली कुठली तुटली होती, हेही त्यांना पाठ होतं. सतरा भरून झाल्यावर यादी मागवली. नऊच. अठरावी टाइप करताना घंटा झाली आणि सरांनी गुण भरले.

मग सर शेजारी येऊन बसले. “काका, काहीच गेलं नव्हतं. यादी तुम्ही मालकांच्या तक्त्याशी जोडून मागितलीत. ज्यांना मालक, तेवढ्याच आल्या. बाकीच्या आतच आहेत.” त्यांनी जोडणीचा एक शब्द बदलला आणि पडदा भरून वाहू लागला. एकशे एकोणतीस. सतरा दोनदा.

काकांनी आकडा दोनदा वाचला. “म्हणजे पास?”

“छत्तीस झाले. चाळीस लागतात. सहा महिन्यांनी परत बसा.”

“अकरा दिवसांत नाही का घेता येणार?”

सरांनी नकारार्थी मान हलवली. काकांनी माउस पुढे ओढला आणि दुसऱ्यांदा भरलेली काळी छत्री शोधून काढून टाकली. मग निळा डबा.

“काका, गुण गेलेत वर. आता याचा काही उपयोग नाही.”

“हो,” काका म्हणाले आणि चष्मा शोधू लागले.