राजाबाईचं मापटं

राजाबाईच्या रानात मुक्कामाला येणाऱ्या गाड्यांकडून तिचा मुलगा आदिनाथ भाडं घ्यायचा, आणि त्याच गाड्यांना निघताना राजाबाई मापटंभर ज्वारी द्यायची. या उफराट्या धंद्याला सगळं गाव हसायचं. तिला समजावायला गेलेला माणूस मात्र स्वतःच चार गोष्टी ऐकून परत यायचा.

तिचंही खोटं नव्हतं. उभा जन्म तिनं मेंढरांमागं काढला होता. मेंढरं ज्याच्या रानात बसतात त्याच्या रानाला खत मिळतं, म्हणून शेतवाला धनगराला दाणे देतो. बसणाऱ्यानं घ्यायचं आणि रानवाल्यानं द्यायचं, ही तिला ठाऊक असलेली जगाची रीत. नवरा सूर्यभान नाथसागराच्या पाण्याला लागून थोडं रान मागं ठेवून गेला, तेव्हा देणं आपल्याकडं आलं, एवढंच तिनं धरलं.

आदिनाथ तिचा एकुलता एक. वाळूजला कंपनीत होता, तिथंच खोली करून राहायचा आणि सुट्टीला यायचा. त्यानंच रानात मुरूम टाकून जागा सपाट केली, नळ आणला, लाईट घेतली, संडास बांधले आणि रस्त्याला 'मोटारहोम थांबा' अशी पाटी लावली. पैठण-वेरूळ बघत फिरणारे लोक चाकांवरचं घर घेऊन यायचे. पहिली गाडी आली तेव्हा राजाबाईनं आत शिरून पलंग, शेगडी, कपाट सगळं हात लावून पाहिलं आणि मग विचारलं, की कोंबड्या कुठं ठेवता? तिचं बिऱ्हाड घोड्यावर असायचं. वर कोंबड्यांचं डालगं आणि डालग्याला टेकून तान्हं पोर.

त्या शनिवारी सहा गाड्यांचा एक ग्रुप येणार होता. त्यांच्या म्होरक्याची एकच अट होती, आमच्याशिवाय दुसरं कुणी नको. जागा पसंत पडली तर दर महिन्याला येऊ म्हणाला होता. तसं झालं तर आदिनाथ नोकरी सोडून कायमचा घरी येणार होता. राजाबाईनं हौसेनं सगळी जागा झाडून काढली. पोरगं घरी येणार, याहून तिला दुसरं काय हवं होतं? फाटक लावून घे आणि कुणालाही आत घेऊ नको, असं बजावून आदिनाथ त्या लोकांना आणायला फाट्यावर गेला.

दिवस कलला आणि एक जुनी गाडी फाटकाशी येऊन थांबली. मंजुषा नावाची पांढऱ्या केसांची बाई चालवत होती. शेजारी तिचा नवरा, काकासाहेब, तापानं फणफणलेला. दोन ठिकाणी जागा नाही म्हणून सांगितलं होतं त्यांना. आज इथंही नाही, असं राजाबाईनं सांगितलं. मंजुषा भांडली असती तर राजाबाईनं तिला खुशाल जाऊ दिलं असतं. पण तिनं नुसती मान हलवली आणि गाडी मागं घ्यायला लागली. ती हललेली मान बघून राजाबाईचा हात आपसूक कडीला गेला. तिनं फाटक सताड उघडलं आणि गाडी लिंबाखाली, वारा अडतो तिथं उभी करायला लावली.

ग्रुप आला. म्होरक्यानं लिंबाखालची गाडी पाहिली आणि गाडीतून न उतरताच सांगितलं, ती जाईल नाहीतर आम्ही जाऊ. आदिनाथ चुलीपाशी आईजवळ येऊन बसला.

"आई, त्या लिंबाखालच्यांची गावात सोय लावून देतो. आजच्यापुरतं ऐक."

राजाबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"तू वीतभर व्हतास," ती म्हणाली. "पाचोडच्या अंगाला एका रानात बसलो व्हतो. त्याच्याकडं पाव्हणे आले म्हणून दिवस बुडताना उठवलं आमाला. तापानं तुझा डोळा उघडत नव्हता. तुझा बाप लई भांडला. म्या नुसती मान हलवली, अन् तुला डालग्यापाशी ठिवलं."

आदिनाथनं लिंबाखालच्या गाडीकडं पाहिलं.

"आता आपलं रान हाय. आपल्या रानातून असं कुणाला उठवायचं नाय."

तो उठला. म्होरक्याला काय म्हणाला ते राजाबाईला ऐकू आलं नाही, पण सहाही गाड्या धूळ उडवत मागं फिरल्या. आता पोरगं सोमवारी पुन्हा ड्युटीला जाणार होतं. तिनं भाकरी थापल्या, त्यातली गरम भाकरी लिंबाखाली पाठवली, आणि मग जरा वेळ पदर तोंडाला लावून बसली. वाईट तर वाटणारच.

सकाळी काकासाहेबांचा ताप उतरला होता. गाडी निघायची वेळ झाली, तशी राजाबाई मापटं शोधायला लागली, तर ते जागेवर नव्हतं. ते ज्वारीनं भरून आदिनाथच्या हातात होतं, आणि तो मंजुषाच्या गाडीपाशी उभा होता. आई दाणे द्यायला लागली की हाच मापट्यावर तळहात फिरवून वरची शीग खाली पाडायचा आणि पुटपुटायचा.

हे कशाचं, असं मंजुषानं त्याला विचारलं.

"आमच्या रानात बिऱ्हाड बसलं, की दाणे द्यावे लागतात," तो म्हणाला.

राजाबाई चुलीपाशीच थांबली. मापट्यावरची शीग तिला तिथूनच दिसत होती.