शेंदूर लावलेली कोंबडी

जौनी मुंडाचा नवरा मंगरू तापानं गेला त्याला तीन महिने झाले, आणि या तीन महिन्यांत तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. गावानं दुसरं काहीही खपवून घेतलं असतं, हे नाही. विहिरीवर बायका बोलायच्या, "हिनं रडूनच बोलावलं नाही, तर त्याची सावली घरी येणार कशी?" लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. जौनीला रडायचं नव्हतं असं नाही. छातीत एक दगड बसला होता आणि तो हलत नव्हता, एवढंच. सावली घरी आणायचा विधी झाला, मंगरूची सावली आतल्या खोलीत पूर्वजांजवळ येऊन बसली, की तो दगड हलेल. तेवढ्या एकाच आशेवर ती उठत होती, बसत होती.

विधीला काळी कोंबडी लागते, अंगानं शाबूत. तिच्यापुढे तांदूळ टाकतात. तिनं टिपले तर गेलेला माणूस यायला राजी आहे; नाही टिपले तर नाही. जौनीच्या नऊ कोंबड्यांत दोन काळ्या होत्या. एक म्हातारी, महाभांडखोर. दुसरी कोवळी तलंग, मंगरूनं तळहातावर कण्या चारून वाढवलेली. जौनीनं तलंग नेमली.

नेमलेल्या कोंबडीला शेंदूर लावायचा तो विधीच्या दिवशी सकाळी. पण जौनीला आता स्वतःचाच भरवसा उरला नव्हता. चुलीवर भात ठेवून ती विसरून जायची. म्हणून तिनं आठ दिवस आधीच शेंदूर लावून ठेवला, डोक्यापासून शेपटीपर्यंत, चांगला भडक.

शेतांत भाताची रोपं वर आली होती, तेव्हा गावभरच्या कोंबड्या खुराड्यांत कोंडलेल्या. नऊ जणी दाटीवाटीनं, कामधंदा काही नाही, आणि मध्ये ही लाल. लाल दिसलं की कोंबडीची चोच आवरत नाही, हे जौनी लहानपणापासून जाणून होती. त्या दिवशी आठवलं नाही, झालं.

तिसऱ्या दिवशी तिनं खुराड्याचं दार नीट उघडून पाहिलं, तर तलंग कोपऱ्यात डोकं खुपसून बसलेली. मानेवरची पिसं गेली होती, शेपटीच्या मुळाशी मांस उघडं पडलं होतं. म्हातारीची चोच रक्तानं माखलेली. जौनीनं सगळं पाहिलं आणि तिच्या आत काहीच झालं नाही. तिनं तलंग उचलून घरात नेली. शेंदूर पुसला, कडुलिंबाच्या पाण्यानं जखमा धुतल्या, करंजाच्या तेलात हळद कालवून लावली आणि तिला टोपलीखाली वेगळी ठेवली. हात आपले आपण काम करत होते.

जखमांवर खपल्या धरल्या, पण विधी येऊन ठेपला. थोरली जाऊ बिरसी टोपली उचलून बघते तो काय!

"अगं बाई, ही असली ओरबाडलेली देणार तू त्याला?"

"त्यानं चारलेली आहे, जाऊबाई. हिला ओळखेल तो."

"मग काजळी फास. काळ्यावर काळं, कुणाला कळतंय?"

"विधीला बसणाऱ्या दुल्लू बाबांना कळलं तर?"

"त्या म्हाताऱ्याला जेवताना ताटातला भात दिसत नाही, काजळी कुठली दिसायला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तलंगेला काजळी फासून झाली, वर शेंदराचं एक बोट, आणि दुपारी अंगणात भाऊबंद जमले. गावचा पुजारी दुल्लू बाबा बसला, त्यानं तलंगेपुढे तांदूळ टाकले. तलंग टिपेना. एक डोळा तांदळावर, एक लोकांच्या पायांवर, मान ताठ. बाबानं पुन्हा तांदूळ टाकले, पुन्हा तेच. मागून कुजबूज सुरू झाली. "रुसलाय मंगरू." "रुसेल नाही तर काय? हिचा डोळा तरी ओला झाला का?"

जौनीला ठाऊक होतं तलंग का टिपत नाही ते. डोकं खाली घातलं की मानेवर चोच बसते, एवढं त्या बिचारीनं खुराड्यात शिकून घेतलं होतं. गप्प राहिलं तर मंगरूवर आळ, बोललं तर विधी मोडायचा.

"तो रुसलेला नाही," जौनी म्हणाली. "कोंबडी भ्यालीय. शेंदूर मी आधीच लावला, बाकीच्यांनी टोचून टोचून फाडली तिला. ही काजळी आहे बाबा, हात लावून बघा."

बाबाची बोटं काळी झाली. बिरसीनं कपाळावर हात मारून घेतला.

"दुसरी काळी आहे?" बाबानं विचारलं.

होती की. ज्या म्हातारीनं टोचलं होतं, तिच्या अंगाला ओरखडासुद्धा नव्हता. तिला धरून आणली, शेंदराचं बोट लावलं. तांदूळ धड जमिनीवर पडायच्या आत तिनं टकाटक टिपले, बाबाच्या बोटालाही एक चोच दिली.

"आला! मंगरू आला!" अंगणात एकच गलका झाला. मांदर ढोल घुमू लागला. बिरसीनं जौनीला मिठी मारली. "आला गं तो! आता तरी रड!"

जौनीनं छातीत चाचपून पाहिलं. दगड होता तिथंच होता.

"जाऊबाई," ती म्हणाली, "त्या म्हातारीपुढे खडे टाकले असते तरी तिनं टिपले असते."

मांदराच्या आवाजात बिरसीला ऐकू गेलं नाही. जौनी आतल्या खोलीत गेली, आणि तरीही पूर्वजांजवळची मंगरूची बसायची जागा तिनं ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसली.